कुलपाला पंचामृत

॥ श्री ॥
धुळे, ता. २६ ऑक्टोबर १९९६

चि. अभिमन यास मंजुळाअक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल आहेत. दसऱ्याला सोनं द्यायला तू आला नाहीस, तेव्हा आपट्याची पानं याच पाकिटात घातली आहेत. कमलला आणि मुलांना वाटून दे. भावाला टपालाने सोनं पाठवणारी खानदेशात मी एकटीच असेन.

आता मुद्द्याचं. रागावू नकोस. रागावलास तरी आधी पत्र पुरतं वाच, मग राग.

आपल्या छापखान्यात दसऱ्याला हत्यारं पुजायची रीत तुला ठाऊक आहे. पायाचं ट्रेडल मशीन होतं तेव्हा आम्ही त्याला धुऊन पुसून हळदकुंकू लावायचो, अक्षरांच्या खिळ्यांच्या पेट्यांवर फुलं ठेवायचो. यंदा मशीन साक्रीला गेलेलं, खिळे वितळवायला दिलेले, पूजेला उरला तुझ्या कंपनीचा संगणक. आता एवढ्या मोठ्या डब्याला कुठे कुंकू लावावं? मग मला तुझं बोलणं आठवलं. संगणक बसवताना तू मागच्या बाजूला ती बोटभर डबी खोचलीस आणि सांगितलंस की अक्का, हे कुलूप, यातच सगळा जीव आहे, हे नसेल तर मराठीचं एक अक्षर उमटणार नाही. जीव जर त्यात आहे तर पूजा त्याचीच व्हायला हवी, असा मी सरळ हिशेब केला. डबी काढली, पाटावर मांडली, पळीभर पंचामृत घातलं, हळदकुंकू वाहिलं, स्वच्छ पुसली आणि परत खोचली. तेव्हापासून पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ येते. आमच्या गल्लीतल्या कौतिकने ती शब्दकोश घेऊन लावली. कुलूप सापडत नाही, असं ते म्हणतंय. समोर खोचलेलं त्याला दिसत नाही.

तुझे दाजी पोट धरून हसले. मलाही हसू आलं असतं, पण म्हाताऱ्या तानुबाईची गाणी आत आहेत रे. आखाजीची, कानबाईची, जात्यावरची. सबंध उन्हाळा म्हातारी माझ्या शेजारी पोत्यावर बसून गात होती आणि मी ऐकत ऐकत सरळ संगणकात बसवत होते. खिळ्यांच्या वेळी पान जुळलं की प्रूफ काढायचंच, हा हाताचा धर्म होता. पण संगणकात गेलेलं कुठे जात नाही असं तूच म्हणालास, म्हणून एकही प्रूफ काढलं नाही. भादव्यात म्हातारी गेली. कौतिक तिची सून असून तिलाही निम्मीच येतात. येत्या आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या मुहूर्तावर, पुस्तक हातात देईन असा मी गल्लीतल्या बायांना शब्द दिला आहे.

तेव्हा दुसरं कुलूप लगेच पाठव. एस.टी.च्या ड्रायव्हरकडे दिलंस तरी चालेल. खराब झालेलं सोबत पाठवते आहे.

मुलांना पापे. आहे तेवढी माया ठेव, वाढवायची तर भेटीला येऊन वाढव.

तुझी
मंजुळाअक्का

॥ श्री ॥
जळगाव, ता. ५ नोव्हेंबर १९९६

ती. स्व. अक्कास धाकट्या अभिमनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि डबी दोन्ही मिळाली. डबीला अजून मधाचा वास येतो. दुकानात ती उघडली तेव्हा मुंग्या लागल्या. मी काय बोलू? देवाला पंचामृत, माणसाला पंचामृत, पण विजेच्या वस्तूला पंचामृत घालणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली, आणि ती माझीच बहीण निघाली.

डबी मी मुंबईला कंपनीकडे पाठवली आणि फोनही केला. ते म्हणतात, कुलपात चिकट द्रव आणि लाल पूड सापडली, हा गैरवापर झाला, त्यामुळे बदलून मिळणार नाही. अक्षरं आणि कुलूप असा नवा संच पूर्ण किमतीला घ्यावा लागेल. मी खूप रदबदली केली. पण करारात तसं लिहिलेलंच आहे. त्यावर तुझी सही आहे आणि विक्रेता म्हणून माझीही.

तू चिडशील, म्हणून त्यांची बाजूही सांगतो. अक्का, ही अक्षरं घडवायला त्यांनी वर्षं घातली. कुलूप नसेल तर जळगावात एकाने संच विकत घ्यायचा आणि भुसावळपासून नंदुरबारपर्यंत बठ्ठ्या छापखान्यांनी फुकट वापरायचा, हे आपल्याकडे होणार की नाही ते तूच सांग. माझ्याच दुकानात येऊन लोक उघड उघड चोरीची प्रत मागतात. एवढ्या मोठ्या कंपनीने असा दंडक ठेवला नाही तर ती टिकायची कशी? आणि आपल्या भागाची एजन्सी माझ्याकडे आहे ती या दंडकामुळेच.

कमलच्या माहेरी रावेरला केळीचा माल निघतोय, मेव्हण्यांना ट्रक मिळत नाहीत, म्हणून दिवाळीत तिकडे जावं लागेल. भाऊबीजेला धुळ्याला येणं जमेलसं दिसत नाही. ओवाळणी पाठवली आहे.

दाजींना नमस्कार. मोठेपणाने समजून घे आणि लहानावरची कृपा पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
अभिमन

॥ श्री ॥
धुळे, ता. १८ नोव्हेंबर १९९६

चि. अभिमन यास आशीर्वाद. या खेपेला उत्तम वगैरे नाहीत, नुसते आशीर्वाद.

ओवाळणी पोचली. पाटावर तुझ्या नावाची सुपारी ठेवून ओवाळली. सुपारी निदान कंपनीची बाजू सांगत नाही.

चोरांची भीती मला कळते. मीही दुकानदार बाई आहे. माझ्या लग्नपत्रिकांचे नमुने शेजारचा छापखाना बिनदिक्कत उचलतो. पण चोर सोडून संन्याशाला फाशी हा कुठला न्याय? मी पूर्ण किंमत मोजली, पावती घेतली. तुझ्या कंपनीने कुलूप लावलं ते चोराच्या वाटेवर नाही, माझ्या कणगीला लावलं. आत धान्य माझं.

करार मी आता नीट वाचला. कौतिक, मी आणि तिचा शब्दकोश. त्यात लिहिलंय की मी काहीच विकत घेतलेलं नाही, फक्त वापरायची परवानगी घेतली. म्हणजे तू मला वस्तू म्हणून परवानगी विकलीस. हे बघ, आपल्या आईने बाजारातून पाटा आणला तेव्हा त्यावर कोणती चटणी वाटायची ते पाथरवटाने सांगितलं नाही. आणि पाटा फुटला म्हणून आधी वाटलेली चटणी तो घेऊन गेला नाही. खिळे ओतणाऱ्या फौंड्रीवाल्याने मला अक्षरं वजनावर दिली आणि विषय संपला. पुढे त्या अक्षरांत मी आरती छापते की शिव्या, हे विचारायला तो कधी आला नाही.

पूर्वी मोठ्या लोकांना निदान दार असायचं. जाऊन ओट्यावर बसता यायचं. तुझ्या कंपनीला मी तीन पत्रं पाठवली. उत्तर आलं ते इंग्रजीत, खाली सही नाही, आणि वर रंगीत पत्रक, नव्या संचाचं. मराठीचा धंदा करणाऱ्यांना मराठीत उत्तर देता येऊ नये?

तरीही मी हट्ट सोडते. घेते नवा संच. तुझे दाजी नको म्हणतात, पण गाण्यांसाठी घेते. पुस्तकं लावायच्या फळ्यांचं काम पुढच्या वर्षी करू. तू फक्त एवढं विचारून कळव की नवा आला की माझी गाणी जशीच्या तशी उघडतील ना?

माया आहे, पण सध्या तिला ऊन लागलंय.

अक्का

॥ श्री ॥
जळगाव, ता. ११ डिसेंबर १९९६

ती. स्व. अक्कास शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला बसलो आणि तीनदा फाडलं. आता एका दमात लिहितो.

नवा संच घेऊ नकोस. त्यात तुझी गाणी उघडणार नाहीत. कंपनीने अक्षरांची आतली मांडणीच बदलली आहे, जुन्या संचातलं काम नव्यात आलं की नुसत्या मुंग्या दिसतात. मी दोनदा करून पाहिलं. जुना संच त्यांनी बंद केला. कंपनीच्या साहेबांना विचारलं की मग लोकांनी आधीचं काम कसं काढायचं, तर ते म्हणाले, नव्याने टाइप करावं. तानुबाई गेल्या हे मी सांगितलं. त्या कोण, असं त्यांनी विचारलं.

आणखी एक. ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. जुन्या संचाचं एक कुलूप माझ्या दुकानाच्या कपाटात आहे. गिऱ्हाइकाला नमुना दाखवायला कंपनीने दिलेलं. ते तुझ्याकडे आणून लावलं तर गाणी उघडतील. पण ते दुकानाबाहेर काढायचं नाही असं मी लिहून दिलंय, आणि तुझा संगणक उचलून इथे आणला तरी दुसऱ्याच्या कामाला ते लावायचं नाही, तेही लिहून दिलंय. एजन्सी गेली तर हे दुकान म्हणजे रिकाम्या फळ्या. अक्का, आपलेच दात आणि आपलेच ओठ, मी काय करू?

एक वाट निघाली आहे. फेब्रुवारीत जळगावच्या हॉटेलात सगळ्या खानदेशातल्या विक्रेत्यांचं संमेलन आहे. साहेब स्वतः मुंबईहून येणार. त्यांना छापखाना चालवणारी एक बाई स्टेजवर हवी आहे, फोटो काढून कंपनीच्या मासिकात छापायला. मी तुझं नाव सुचवलं. तू दोन शब्द बोलायचे आणि एका पत्रावर सही करायची की कंपनीची सेवा उत्तम, कुलूप माझ्या चुकीने गेलं आणि माझी काही तक्रार नाही. साहेब त्याच दिवशी जुनं कुलूप हातात देणार आहेत. एवढं केलंस की बठ्ठं सुटतं.

हात जोडून सांगतो. लहान म्हणून पदरात घे.

अभिमन

॥ श्री ॥
धुळे, ता. २ जानेवारी १९९७

चि. अभिमन यास आशीर्वाद.

पत्र दोन दिवसांत चार वेळा वाचलं. भांडीही खूप वाजली, असं तुझे दाजी सांगतात.

मला राग कुलपाचा नाही. वस्तू बिघडते. राग याचा, की माझ्याच घरातली गाणी मला परत द्यायला ते माझ्याकडून आभार लिहून मागतात. पंचामृत मी घातलं, ते मी भर चौकात सांगेन, त्यात लाज कसली? पण माझी तक्रार नाही, हे खोटं मी लिहिणार नाही. माझी तक्रार आहे. चांगली मोठी आहे.

कौतिकचं मन मात्र हललं. ती म्हणते, करा ना सही, अक्षराने काय होतं, माझ्या सासूचा आवाज तरी परत येईल. तिच्याकडे पाहून माझाही निश्चय दोनदा डळमळला, हे तुला म्हणून सांगते.

मी येईन. तुझा शब्द खाली पडू द्यायचा नाही म्हणून येईन. दोन शब्द बोलायचे म्हणालास ना, बोलेन. कोणते ते माझं मी ठरवीन. सहीचं तिथे बघू.

कमलला सांग, कळण्याच्या भाकरी आणि ठेचा घेऊन येते. हॉटेलातलं मला गोड लागत नाही.

डोक्यावर हात आहेच, थोडा जड वाटला तर सोसून घे.

अक्का

॥ श्री ॥
जळगाव, ता. १९ फेब्रुवारी १९९७

ती. स्व. अक्कास अभिमनचा शि. सा. न. वि. वि.

तू संध्याकाळची गाडी पकडून गेलीस, म्हणून पुढचं तुला ठाऊक नाही. ते सांगायला हे पत्र.

तू स्टेजवर उभी राहिलीस तेव्हा मला वाटलं, संगणकामुळे काम कसं सोपं झालं ते सांगशील. तू सांगितलंस की आखाजीला आमच्याकडे खालच्या गल्लीच्या बाया वरच्या गल्लीला गाण्यातून शिव्या देतात, त्या दिवशी कुणी राग धरायचा नसतो, आणि तानुबाईच्या चालीवर तसलं एक गाणं म्हणते. हे तू सांगितलंस अहिराणीत. साहेबांना मराठीच जेमतेम कळते. आणि मग तू सुरू केलंस.

वरली गल्लीना याही व, कुलूप लई उना,
भाकर आमनी, तोंड आमनं, घास म्हणे मना.
नवं दार दखाडस, जुनं करस बंद,
याहीले कोनी सांगा व, हाऊ कसाना छंद.

सगळा हॉल खानदेशी. भुसावळच्या वनाशेठने तोंडात रुमाल कोंबला. नंदुरबारचे पुनाभाऊ खुर्चीखाली काहीतरी शोधायला वाकले ते वर आलेच नाहीत. आणि साहेब टाळ्यांनी ठेका धरत होते. मी मान खाली घालून बसलो होतो. तुझ्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही. त्यांनी तुला शाल दिली, तू ती खुर्चीवर ठेवलीस, पुढे केलेलं पेन बाजूला सारलंस आणि निघालीस. साहेबांना वाटलं बाई लाजली.

जेवताना साहेबांनी त्या गाण्याचा अर्थ विचारला. फोटोखाली छापायचा होता. वनाशेठ माझ्या बाजूने धावला, म्हणाला, पाहुण्यांच्या स्वागताचं गाणं आहे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. साहेब खुशीत होते, दोन दिवसांनी सही आणून देतो असं सांगून कुलूपही मिळालं असतं.

पण अक्का, मला माझीच लाज वाटली. माझी बहीण परक्या लोकांत उभी राहून ठणठणीत आवाजात खरं बोलली, आणि मी तिचा धाकटा भाऊ तिच्या शब्दांना हार घालून विकायला बसलो होतो. मी अर्थ सांगितला. ओळीओळीने सांगितला: वरच्या गल्लीचा व्याही कुलूप घेऊन आला, भाकर आमची, तोंड आमचं आणि घास म्हणे माझा; नवं दार दाखवतो, जुनं बंद करतो, या व्याह्याला कुणी सांगा ग, हा कसला छंद. याही कोण, घास कोणता, जुनं दार कुणाचं, तेही सांगितलं. मग तानुबाई कोण ते सांगितलं, कारण त्यांनी एकदा विचारलं होतं.

साहेब ओरडले नाहीत. चमचा ठेवला आणि म्हणाले की मी धंद्यात भावना आणतो. काल पत्र आलं. एजन्सी काढून घेतली आहे. येत्या सोमवारी त्यांचा माणूस येऊन सगळं सामान मोजून नेणार.

 आज सकाळी पाटी उतरवायला चढलो तर कमल न सांगता येऊन शिडी धरून उभी राहिली. मग म्हणाली, त्या कपाटातल्या कुलपाचं काय करताय? तेव्हा माझं डोकं चाललं. सोमवारपर्यंत ते माझ्या ताब्यात आहे. पत्रात लिहिलंय की सामान परत करा. सोमवारच्या आधी ते कुठे होतं, याची आता मी कशाला फिकीर करू? दिलेला शब्द मोडतोय हे मला कळतंय. पण तो शब्द मी ज्यांना दिला त्यांनी तुला दिलेला आधी मोडला.

शनिवारी पहिल्या गाडीने येतो. बटर पेपर भरपूर आणून ठेव, पानं त्यावर काढली की पुढे कोणत्याही छापखान्यात प्लेट करता येते. दोन दिवस आहेत. एकही गाणं आत ठेवायचं नाही.

अजून भाऊ म्हणवून घ्यायला लायक वाटत असेन तर स्टेशनवर दाजींना पाठव.

तुझा
अभिमन

॥ श्री ॥
धुळे, ता. १४ मे १९९७

चि. अभिमन यास मंजुळाअक्काचे अनेक अनेक उत्तम आशीर्वाद.

पुस्तकाच्या प्रती सोबत पाठवते आहे. आखाजीच्या आदल्या दिवशी बांधून झाल्या. आमच्याकडे प्लेटचं मशीन नाही, म्हणून साक्रीच्या छापखान्यात छापलं. तिथे आपलं जुनं ट्रेडल कोपऱ्यात चालू आहे, मी जाऊन हात लावून आले.

त्या शनिवारी पानं निघायला लागली तेव्हा तू खिडकीकडे तोंड करून उभा होतास. मला वाटलं एजन्सीचं दुःख होतंय. नंतर कौतिक म्हणाली की मामा रडत होते, मी पाहिलं. ती स्वतः तर पान हातात आलं की वाचायची नाही, गायचीच. मध्ये एका ओळीवर अडली आणि म्हणाली, सासूबाई इथे खोकल्या होत्या, म्हणून तुम्ही जागा सोडलीत. खरंच सोडली होती. ती जागा मी तशीच छापली आहे.

आखाजीला दोन्ही गल्ल्या समोरासमोर उभ्या राहिल्या. वरच्या गल्लीच्या बेबाबाईने पुस्तक आधीच वाचलेलं. तिने आमचीच गाणी घेतली, त्यात आमचीच नावं घातली आणि आमच्यावरच उलटवली. आम्ही दोन ठिकाणी हरलो. इतकी मजा मला लग्नानंतर आली नव्हती.

पुस्तकांच्या मागे छापतात ना, सर्व हक्क स्वाधीन म्हणून. साक्रीवाल्याने ती ओळ विचारली. मी त्याला दुसरी दिली. या पुस्तकातली गाणी कुणीही म्हणावीत, छापावीत, बदलावीत, विचारायची गरज नाही, असं ठळक छापून खाली तानुबाईचं नाव घातलं. कौतिकला आधी विचारलं. ती म्हणाली, म्हातारीने कुणाला नाही म्हटलं होतं का कधी?

तुझी नवी पाटी पाहून दाजी आले. कोणत्याही कंपनीचा संगणक दुरुस्त करून मिळेल, हे बरं लिहिलंस. पुण्याच्या दोघी मुलींनी घडवलेली बिनकुलपाची अक्षरं तू बसवून दिलीस त्यावर माझ्या लग्नपत्रिका चालल्या आहेत. ळ जरा बसका येतो, पण नवरानवरीचं त्यावाचून अडत नाही. धंदा थोडा मंद आहे, तुझाही असेल. घरात धान्य आहे, कळव म्हणजे पाठवते, संकोच केलास तर मीच येऊन टाकेन.

कुलपाचं गाणं शेवटच्या पानावर आहे. पहिली प्रत मी मुंबईला त्या साहेबांच्या नावाने रजिस्टरने पाठवली. सोबत त्या गाण्याचा अर्थ मराठीत माझ्या हाताने लिहिला आणि इंग्रजीत कौतिकने. आता त्यांना तो कुणाच्या भावाला विचारावा लागणार नाही.

तुझी
अक्का